फाशांची लीग, माणसांचे नियम

2020 च्या मोसमात बेसबॉलच्या क्लीव्हलँड संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, शेन बीबर यानं फक्त 77⅓ इनिंग टाकल्या. तेवढ्यात त्यानं 122 फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेले रन वगळता नऊ इनिंगमागे सरासरी 1.63 रन दिले. करोनामुळे त्या वर्षी मेजर लीगचा मोसम 162 सामन्यांवरून 60 सामन्यांवर आला होता. बीबरला अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि खऱ्या मैदानापुरता तो विषय संपला.

अमेरिकेत बेसबॉलचं आणखी एक जग आहे. ते जेवणाच्या टेबलावर आणि संगणकाच्या पडद्यावर चालतं. खऱ्या खेळाडूंच्या गेल्या वर्षीच्या कामगिरीवरून बनवलेली कार्डं घेऊन वीस-चोवीस माणसं आपापले संघ उभे करतात, फासे टाकून किंवा सॉफ्टवेअरवर सामने खेळतात आणि वर्षानुवर्षं तोच संघ सांभाळतात. अशा सिम्युलेशन लीगांमध्ये एक नियम सर्रास असतो: खेळाडूनं खऱ्या मोसमात जेवढं काम केलं, साधारण तेवढंच काम त्याच्याकडून घ्यायचं. मग 162 सामन्यांच्या मोसमात बीबरच्या 77⅓ इनिंग पुरवायच्या कशा?

वाटा चार होत्या. पहिली, सरळ त्रैराशिक मांडायचं. 162 भागिले 60 म्हणजे 2.7, त्यामुळे बीबरला जवळपास 209 इनिंग मिळतील. दुसरी, लीगचा मोसमही 60 सामन्यांचाच करायचा. तिसरी, 2019 आणि 2020 ची कामगिरी एकत्र करून खेळाडू ठरवायचे. चौथी, 2020 ची कार्डं बाजूला ठेवून एखादा जुना मोसम पुन्हा खेळायचा. यातल्या कुठल्याही वाटेनं गेलं तरी कुणाचं तरी भलं होतं आणि कुणाला तरी झळ बसते. ज्याच्याकडे बीबर आहे त्याला त्रैराशिक न्याय्य वाटणार. ज्याच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी आहे त्याला चौथी वाट हवी असणार, कारण पोझीनं त्या वर्षी खेळायचंच नाही असं ठरवलं होतं. यांकीजचा डी. जे. लमेह्यू त्या छोट्या मोसमात .364 च्या सरासरीनं खेळला. पूर्ण मोसमात ती सरासरी टिकली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण कार्डावर छापायला तेवढाच आकडा हाती होता.

सिम्युलेशन लीगमध्ये नियमबदलाचा प्रस्ताव मांडणं ही स्वतंत्र विद्या आहे. ज्यांना बेसबॉलशी काही देणंघेणं नाही, त्यांनीही ती समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. इथे मत देणारा प्रत्येक माणूस स्पर्धकही असतो, न्यायाधीशही आणि पक्षकारही. कल्पनांचा तुटवडा अशा ठिकाणी कधीच नसतो. चांगल्या प्रस्तावाची ओळख वेगळ्याच गोष्टीवरून पटते: आपल्यामुळे कुणाचं नुकसान होणार आहे, हे तो स्वतःहून आधी सांगतो का?

तीन फासे आणि 216 शक्यता

शाळेत मागच्या बाकावर पुस्तक उघडून पान क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर रन मोजायचं पुस्तक-क्रिकेट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळलं गेलं. त्यात सलामीचा फलंदाज आणि अकरावा फलंदाज यांना सारखेच रन मिळतात, कारण पान कुणासाठी उघडलं आहे हे पुस्तकाला कळत नाही. बेसबॉलच्या सिम्युलेशनची सगळी करामत ही एक उणीव भरून काढण्यात आहे. निकाल नशिबावर सोडायचा, पण ते नशीब त्या त्या खेळाडूच्या मापाचं असलं पाहिजे.

विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे गावच्या क्लिफर्ड व्हॅन बीक यांनी 1930 च्या सुमारास 'नॅशनल पास्टाइम' नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात खऱ्या खेळाडूंची कार्डं होती आणि दोन फाशांनी निकाल लागायचा. मंदीच्या काळात तो टिकला नाही. पण पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये डिक साइट्झ नावाच्या मुलानं मित्रांना जमवून त्यावर एक लीग चालवली आणि तिला मोठ्या थाटाचं नाव दिलं, अमेरिकन प्रोफेशनल बेसबॉल असोसिएशन. 1951 मध्ये साइट्झ यांनी स्वतःचा खेळ विकायला काढला तेव्हा त्या नावाची आद्याक्षरं त्याला दिली: एपीबीए. म्हणजे या उद्योगातली एक सर्वांत जुनी कंपनी मुळात मित्रांच्या लीगमधून जन्मली. आधी लीग झाली, मग माल.

दुसरं मोठं नाव हॅल रिचमन यांचं. न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकमध्ये शाळकरी वयातच त्यांनी फाशांचा खेळ रचायला सुरुवात केली होती. 1961 मध्ये तो 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या नावानं बाहेर आला. सुरुवातीची वर्षं तोट्याची होती. 1963 मध्ये त्यांनी वडिलांकडून 5,000 डॉलर घेतले, ते या बोलीवर, की धंदा चालला नाही तर वडिलांच्या विमा व्यवसायात रुजू व्हायचं. धंदा चालला. 1981 मध्ये खेळाडूंच्या संपामुळे ऑल-स्टार सामना ठरल्या दिवशी होऊ शकला नाही, तेव्हा क्लीव्हलँडच्या त्याच स्टेडियममध्ये तो स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या फाशांवर खेळला गेला.

या खेळातली एक फेक जवळून पाहू. तीन फासे असतात, त्यातला एक वेगळ्या रंगाचा. त्यावर 1, 2 किंवा 3 पडले तर फलंदाजाच्या कार्डावरचा त्या क्रमांकाचा रकाना बघायचा. 4, 5 किंवा 6 पडले तर पिचरच्या कार्डावरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज 2 ते 12 मधली जी येईल, ती रकान्यातली ओळ. तिथे लिहिलेलं असतं: होम रन, वॉक, स्ट्राइकआउट, शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडबॉल. तीन फाशांच्या एकूण शक्यता 216. त्यातल्या 108 फलंदाजाच्या, 108 पिचरच्या. ज्याच्या एका रकान्यात 7 च्या ओळीवर होम रन आहे त्याच्याकडे 216 पैकी 6 संधी आहेत; ज्याच्याकडे तो फक्त 2 च्या ओळीवर आहे त्याच्याकडे एक. याहून बारीक फरक दाखवायला वीस बाजूंचा चौथा फासा असतो. हजारो फेकी झाल्या की कागदावरचा खेळाडू खऱ्या खेळाडूच्या आकड्यांच्या जवळ जाऊन बसतो.

मग खेळणाऱ्याच्या हातात काय उरतं? फलंदाजीचा क्रम, पिचर कधी बदलायचा, बेस चोरायचा की थांबायचं, कुणाला कुणासमोर उभं करायचं. नियमांवरून होणारी भांडणं याच जागेतून निघतात, कारण हुशार माणूस कार्डातली फट शोधतो.

फट कुठे पडते

समजा एका राखीव पिचरनं खऱ्या मोसमात फक्त वीस इनिंग टाकल्या आणि त्यात जेमतेम एक रन दिला. वीस इनिंगचं यश नशिबाचंही असू शकतं. पण कार्ड नशीब आणि गुण यांत फरक करत नाही. त्या कार्डावर स्ट्राइकआउट आणि साधे आउट खच्चून भरलेले असतात. असा पिचर प्रत्येक सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये आणला तर प्रतिस्पर्ध्यानं करायचं काय? डावखुऱ्या पिचरांसमोर वर्षभरात चाळीसच वेळा उभा राहून .450 नं खेळलेला फलंदाज असाच. त्याला वर्षभर प्रत्येक डावखुऱ्यासमोर पाठवायचं ठरवलं तर कार्ड आक्षेप घेत नाही.

म्हणून वापराच्या मर्यादा आल्या. कुठे प्रत्यक्ष कामगिरीइतकंच, कुठे तिच्याहून दहा टक्के जास्त. कुठे डावखुऱ्या आणि उजव्या पिचरांसमोरचा हिशेब वेगळा. कुठे अमुक इनिंगहून कमी काम केलेल्या पिचरला बाद फेरीत बंदी. या मर्यादा लिहिलेल्या असतात ती लीगची घटना. कमिशनर, मतदान, व्यापाराची अंतिम तारीख, पुढच्या वर्षी किती खेळाडू राखायचे, नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टचा, म्हणजे निवडीचा, क्रम, हे सगळं तिच्यात येतं. 1980 मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेली रोटिसरी लीग सिम्युलेशनची नव्हती. तिथे खऱ्या खेळाडूंचे चालू मोसमातले आकडे मोजले जात. न्यूयॉर्कच्या ज्या ला रोटिसरी फ्रान्सेज नावाच्या उपाहारगृहात ते जमायचे, त्यावरून लीगचं नाव पडलं. तिचे नियम पुढे पुस्तकात छापले गेले, तेही 'घटना' या शीर्षकाखाली. 260 डॉलरमध्ये 23 खेळाडू, ही त्या घटनेतली चौकट नंतर असंख्य लीगांनी उचलली. खेळ मनोरंजनाचा असला तरी नियमांना घटना म्हणावंसं या माणसांना वाटलं, यात मला त्यांची दानत दिसते. ज्या कागदावर सगळ्यांनी सही केली, तो कागद सगळ्यांच्या वर असतो, हे त्यांनी मान्य केलं होतं.

बाहेरचा वारा

या लीगा बंद खोलीत चालत नाहीत. मेजर लीगनं नियम बदलला, की वर्षभरानं त्याचे परिणाम कार्डांत उतरतात.

1968 चा मोसम पिचरांचा होता. सेंट लुईसच्या बॉब गिब्सननं, पुन्हा क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळता, नऊ इनिंगमागे सरासरी 1.12 रन दिले. अमेरिकन लीगमध्ये .300 च्या वर सरासरी असलेला एकच फलंदाज निघाला, बॉस्टनचा कार्ल यास्ट्रझेम्स्की, .301. दुसऱ्याच वर्षी पिचरचा उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला गेला आणि स्ट्राइकचं क्षेत्र लहान केलं. एका संघाचे सामन्यामागचे रन 3.42 वरून 4.07 वर गेले. उंचवट्याचा परिणाम? काही अंशी. पण त्याच 1969 मध्ये चार नवे संघ लीगमध्ये आले, म्हणजे आदल्या वर्षीपर्यंत ज्यांना जागा नव्हती असे कितीतरी पिचर मैदानात उतरले. कशाचा वाटा किती, हे खऱ्या मैदानावर वेगळं काढता येत नाही, कारण मोसम एकदाच घडतो. सिम्युलेशनमध्ये एक गोष्ट बदलून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवता येतं. प्रस्ताव मांडणाऱ्याच्या हातात असलेलं हे मोठं साधन आहे.

डेझिग्नेटेड हिटरचा नियम, म्हणजे पिचरऐवजी दुसऱ्यानं फलंदाजी करायची मुभा, अमेरिकन लीगच्या मालकांनी जानेवारी 1973 मध्ये 8 विरुद्ध 4 मतांनी स्वीकारला. तो तीन वर्षांचा प्रयोग म्हणून आला आणि कायमचा राहिला. नॅशनल लीगनं तो कायमस्वरूपी घेतला 2022 मध्ये. त्या वर्षापासून पिचरांची फलंदाजी जवळजवळ संपली, आणि 'आमच्याकडे पिचरच फलंदाजी करतील' असं घटनेत लिहिलेल्या सिम्युलेशन लीगांसमोर पेच उभा राहिला. जो माणूस वर्षभरात एकदाही बॅट घेऊन उभा राहिला नाही, त्याच्या फलंदाजीचं कार्ड कशावरून बनवायचं? अशा वेळी परंपरा राखायची तर आकडे कल्पनेतून आणावे लागतात आणि आकडे खरे ठेवायचे तर परंपरा सोडावी लागते. ज्यांना पिचरनं फलंदाजी करण्यातली डावपेचांची मजा प्रिय आहे, त्यांचं दुःख खरं आहे. प्रस्तावानं ते उडवून लावू नये.

संगणक काय सांगतो, काय सांगत नाही

प्रस्तावाच्या बाजूनं हल्ली पहिला पुरावा संगणकाचा येतो. नवा नियम लावा, हजार मोसम खेळवा, फरक बघा. हे करायलाच हवं, कारण एका मोसमावरून काही सिद्ध होत नाही. अगदी सरासरी ताकदीचा संघ घ्या, प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी. 162 सामन्यांत तो सरासरी 81 जिंकेल. पण निव्वळ नशिबानं हा आकडा सहा-साडेसहानं वर-खाली होतो. तीनपैकी दोन मोसमांत तो 75 ते 87 च्या दरम्यान असेल, तिसऱ्यात त्याच्याही बाहेर. तेव्हा 'या नियमामुळे माझे सहा सामने गेले' असं म्हणणाऱ्याची तक्रार कितीही तळमळीची असली, तरी ते सहा सामने नियमानं नेले की फाशांनी, हे एका मोसमावरून कळणार नाही. हजार मोसम खेळवले, तर सरासरीतली चूक एका विजयाच्या पाचव्या हिश्श्यावर येते. मग बोलता येतं.

जादा इनिंगच्या नियमाचा असा हिशेब चांगला करता येतो. 2020 पासून मेजर लीगच्या नियमित मोसमात दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघ दुसऱ्या बेसवर धावक ठेवूनच सुरुवात करतो. 2023 पासून हा नियम कायम झाला, बाद फेरीत मात्र तो नाही. आउट कुणी नाही आणि बेस रिकामे असताना इनिंगमध्ये सरासरी अर्धा रन अपेक्षित असतो. दुसऱ्या बेसवर धावक असताना साधारण 1.1. त्यामुळे बरोबरीची कोंडी लवकर फुटते, राखीव पिचर कमी लागतात आणि वापराच्या मर्यादा कमी ताणल्या जातात. इतकं संगणक भरवशानं सांगेल.

तो चकतो ते माणसं वागणं बदलतात तिथे. 2023 मध्ये मेजर लीगनं बेसची बाजू 15 इंचांवरून 18 इंच केली. त्यामुळे पहिल्या ते दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी घटलं. शिवाय धावकाला रोखण्यासाठी पिचरनं मध्येच थांबण्यावर किंवा बेसकडे चेंडू फेकण्यावर बंधन आलं. नुसत्या साडेचार इंचांचा हिशेब कार्डांवर घातला असता तर चोरलेल्या बेसची संख्या थोडी वाढली असती. प्रत्यक्षात ती 2,486 वरून 3,503 वर गेली. धावकांनी आणि प्रशिक्षकांनी नवा नियम वाचला, हिंमत केली, ती फळाला आली, मग आणखी हिंमत केली. 2022 च्या कार्डावर 2022 मधलं धाडस छापलेलं असतं. नियम बदलला म्हणून ते कार्ड धीट होत नाही.

म्हणूनच मेजर लीग स्वतः संगणकावर थांबत नाही. 2019 पासून तिनं अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगशी करार करून तिथे नियम तपासले. स्ट्राइक ठरवणारी यंत्रणा तिथल्या ऑल-स्टार सामन्यात त्याच वर्षी वापरली गेली. 2021 च्या उत्तरार्धात तिथेच पिचरची जागा एक फूट मागे नेली गेली, 60 फूट 6 इंचांवरून 61 फूट 6 इंचांवर. अपेक्षित फरक दिसला नाही आणि ती कल्पना सोडून देण्यात आली. पिचसाठीचं घड्याळ मात्र खालच्या लीगांमध्ये पारखून 2023 मध्ये वर आलं, आणि नऊ इनिंगच्या सामन्याचा सरासरी वेळ 3 तास 4 मिनिटांवरून 2 तास 40 मिनिटांवर आला. फसलेला प्रयोग सोडून देण्याची तयारी असेल, तरच प्रयोगाला अर्थ असतो. आपल्याकडे आयपीएलनं 'इम्पॅक्ट प्लेअर' 2023 मध्ये आणण्याआधी तशी सोय 2022 च्या सय्यद मुश्ताक अली करंडकात करून पाहिली होती, वाट तीच.

एक प्रस्ताव, पहिल्यापासून

समजा 24 संघांची लीग आहे. सर्वांत खालच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते, कारण दुबळ्याला वर येण्याची संधी मिळावी. काही वर्षांनी लक्षात येतं, की ऑगस्टनंतर तळातले काही मालक चांगले खेळाडू बाकावर बसवून मुद्दाम हरतात. त्यामुळे वरच्या संघांच्या शर्यतीतही अन्याय होतो, कारण कुणाला ते हरायला बसलेले संघ चार वेळा भेटतात, कुणाला एकदाच. आता कुणी म्हणतं, सोडत ठेवा.

कच्चा प्रस्ताव एका ओळीचा असतो: तळातल्या सहा संघांत सोडत. पक्का प्रस्ताव पाच प्रश्नांची उत्तरं देतो. दुखणं नेमकं काय? आकडे द्या: ऑगस्टआधी आणि नंतर त्या संघांच्या मुख्य खेळाडूंचा वापर किती घटला. औषध काय? प्रत्येक संघाची टक्केवारी लिहा. मेजर लीगनं डिसेंबर 2022 मध्ये पहिल्यांदा सोडत काढली तेव्हा सर्वांत खालच्या तिन्ही संघांना सारखीच, 16.5 टक्के संधी दिली होती. मुद्दा सरळ होता: शेवटचा आणि शेवटून तिसरा यांत फरक नसेल, तर शेवटचा येण्यासाठी धडपडायचं कशाला? तिसरा प्रश्न, औषधाचा त्रास कुणाला? जो संघ प्रामाणिकपणे दुबळा आहे, ज्याचे तीन पिचर खऱ्या मोसमात जखमी झाले, त्याची पहिली निवड या सोडतीत जाऊ शकते. ही गोष्ट प्रस्तावातच लिहिलेली हवी. ती विरोधकानं शोधून काढायला लागू नये. चौथा, याहून सौम्य उपाय आहे का? मुख्य खेळाडूंच्या किमान वापराची अट घातली, तर सोडतीची गरजच पडणार नाही कदाचित. पाचवा, लागू कधीपासून?

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक. एखाद्या मालकानं गेल्या वर्षी आपला तारा विकून दुसऱ्या संघाची पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड विकत घेतली असेल, तर ती किंमत त्यानं जुन्या नियमावर विसंबून मोजली. नियम लगेच बदलला, तर त्याच्याशी झालेला सौदा सगळ्या लीगनं मिळून मोडला असं होईल. तेव्हा नियम एका मोसमानंतर लागू करावा, किंवा आधी विकल्या गेलेल्या निवडींना जुनाच हिशेब लावावा. बेसबॉलनं हे शंभर वर्षांपूर्वी केलं आहे. 1920 मध्ये थुंकी लावून चेंडू टाकण्यावर बंदी आली, पण ज्यांची उपजीविकाच त्या चेंडूवर होती अशा 17 पिचरांना कारकीर्द संपेपर्यंत मुभा मिळाली. त्यातला शेवटचा, बर्ली ग्राइम्स, 1934 पर्यंत खेळला. बंदी चौदा वर्षं पूर्ण झाली नाही, हे खरं. पण कुणाच्या पायाखालचा गालिचाही ओढला गेला नाही.

तारखेच्या कलमाकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचा किस्सा नॅशनल लीगच्या इतिहासात आहे. ऑगस्ट 1980 मध्ये डेझिग्नेटेड हिटरवर तिथे मतदान झालं. फिलाडेल्फियाचे मालक रूली कार्पेंटर यांचा नियमाला पाठिंबा होता आणि त्यांचे प्रतिनिधी बिल गाइल्स तसं मत द्यायला आले होते. बैठकीत कळलं, की नियम लागू होणार तो 1982 पासून. बदललेल्या तारखेवर मालकांचं मत काय हे गाइल्स यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी संपर्क करून पाहिला. कार्पेंटर मासेमारीला गेले होते. गाइल्स तटस्थ राहिले. पिट्सबर्गच्या प्रतिनिधीला फिलाडेल्फियासारखंच मत द्यायच्या सूचना होत्या, त्यामुळे तोही तटस्थ राहिला. बाजूनं चार, विरोधात पाच, तटस्थ तीन. ठराव पडला, आणि पिचरांची फलंदाजी त्या लीगमध्ये आणखी चार दशकं टिकली. नव्या नियमाची तारीख हा नियमाचाच भाग असतो आणि ती मतदारांना बैठकीच्या आधी कळली पाहिजे, एवढी शिकवण यातून घेतली तरी पुष्कळ.

सगळं मतावर सोडलं तर

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग 2020 च्या जुलैत सुरू झाला. लॉस एंजेलिसच्या 'द गेम बँड' या छोट्या कंपनीनं 'ब्लेसबॉल' नावाची काल्पनिक लीग इंटरनेटवर आणली. खेळाडू काल्पनिक, सामने संगणक खेळणार, मोसम आठवड्याभराचा. प्रेक्षकांनी खोट्या नाण्यांची पैज लावायची, त्या नाण्यांतून मतं विकत घ्यायची आणि मोसम संपला की नवा नियम निवडायचा. पहिल्याच मोसमानंतर बहुमतानं ठरलं, निषिद्ध ग्रंथ उघडायचा. उघडल्यावर काय होणार हे कुणालाच सांगितलं नव्हतं. झालं असं, की पंच खेळाडूंना जाळून भस्म करू लागले. सिएटलची पिचर जेलेन हॉटडॉगफिंगर्स पहिला बळी ठरली.

लोकांनी तिच्यासाठी शोक केला, गाणी रचली, पुढे मतांच्याच जोरावर तिला परत आणलं. लाखमोलाचा सामूहिक खेळ होता तो. 2023 च्या जूनमध्ये तो कायमचा बंद झाला तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. पण तिथला मतदार नियमाच्या परिणामांना बांधील नव्हता. आपला संघ उद्ध्वस्त झाला तर त्याची गोष्ट झाली, आणि गोष्टीसाठीच तो आला होता. जी माणसं दहा-दहा वर्षं एक संघ जोपासतात, कोवळ्या खेळाडूला राखून ठेवतात, तो मोठा होण्याची वाट पाहतात, त्यांच्यासाठी परिणाम लपवलेला नियम म्हणजे विश्वासघात. मत देण्याचा हक्क दोन्हीकडे आहे. आपण कशाला मत देतोय हे कळण्याचा हक्क एकीकडेच आहे. दीर्घकाळ चालणारी कुठलीही संस्था या दुसऱ्या हक्कावर उभी असते.

नियम मागणाऱ्याचं कर्तव्य

या लीगांमध्ये बक्षीस किरकोळ असतं, बऱ्याचदा काहीच नसतं. नेमकी त्यामुळेच तिथली नियमावली मला मोलाची वाटते. पैसा नाही, कोर्ट नाही, पोलीस नाहीत. न पटलेला माणूस फार तर संघ सोडून निघून जातो, आणि चोवीसची लीग तेवीसची होते. अशी तीन-चार माणसं गेली, की लीग मरते. त्यामुळे बहुमतानं जिंकणं तिथे पुरेसं नसतं. हरलेल्यांनी पुढच्या मोसमात परत यायला हवं. पुष्कळ लीगा नियमबदलासाठी साध्या बहुमताऐवजी दोन तृतीयांश मतं मागतात, मोसमाच्या मध्ये बदल करू देत नाहीत, चर्चेसाठी मुदत ठेवतात. त्यामागचं कारण हेच आहे.

आपल्या सहकारी गृहसंस्था, गणेश मंडळं, नाट्यसंस्था, क्रीडा मंडळं, यांच्या सभा आपण पाहतो. ठराव वाचला जातो, सूचक-अनुमोदक होतात, हात वर होतात. ठरावामुळे कुणाला काय सोसावं लागणार, याचा उल्लेख क्वचितच असतो. ज्याला सोसावं लागणार त्यानं उभं राहून बोलायचं आणि अडवणूक करणारा ठरायचं, अशी रीत पडली आहे. सिम्युलेशन लीगमधला जाणता मालक हे ओझं उलटं फिरवतो. नुकसान मोजण्याची जबाबदारी बदल मागणाऱ्याची. पुरावा त्यानं द्यायचा, सौम्य पर्याय त्यानं शोधायचा, जुन्या शब्दावर विसंबलेल्याला वेळ त्यानं द्यायचा, आणि बदल फसला तर मागे घ्यायची तारीखही त्यानंच ठरावात लिहायची. हे सारं करून ठराव पडला, तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडायला तो मोकळा असतो.

अशा लीगमध्ये नव्यानं संघ घेणाऱ्या कुणी माझा सल्ला विचारला, तर मी सांगेन: पहिलं वर्ष एकही नियम सुचवू नका. घटना वाचा, जुन्या मतदानांच्या नोंदी वाचा, कुठलं कलम कुठल्या भांडणातून आलं ते जुन्या मालकांना विचारा. दुसऱ्या वर्षी प्रस्ताव आणा, आणि शक्यतो असा आणा, ज्यानं पहिलं नुकसान तुमच्या स्वतःच्या संघाचं होईल. त्यावर लोक आधी विश्वास ठेवतील, मग मत देतील.